वरची खोली

घर बघायला जाताना मोजे नवे असावेत, हा सरांचा पहिला धडा. मुळाक्षरांच्याही आधीचा. जर्मनीत दारातच बूट काढायला सांगतात, आणि मोज्याला अंगठ्यापाशी भोक दिसलं की घरमालक पुढचं काही ऐकून घेत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पहिल्या दिवशी आम्ही आठ नर्सेस बसवनगुडीतल्या त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत जमलो होतो. सगळ्या चपला घालून आलेल्या, एकीच्याही पायात मोजे नाहीत. सरांनी वाकून सोळाच्या सोळा पावलं पाहिली आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं. पुढच्या तासाला प्रत्येकीला एकेक जोड मिळाला. करड्या रंगाचा, लोकरीचा, अगदी मापाचा. बाहेर मार्च महिना होता.

सर खरं म्हणजे शिक्षक नव्हतेच. एका सरकारी कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग करण्यात त्यांची अख्खी नोकरी गेली. मूळचे साताऱ्याकडचे, पण बंगळुरात इतकी वर्षं काढलेली की मराठी अर्धं कानडी झालं होतं. ‘स्वल्प थांब’ म्हणायचे, आणि वाक्य पूर्ण झालं की ‘सरी’, म्हणजे ठीक. तरुणपणी कारखान्यानं त्यांना दोन वर्षांसाठी जर्मनीला ट्रेनिंगला पाठवलं होतं. त्या दोन वर्षांवर त्यांचं पुढचं सगळं आयुष्य चाललं. घरात जेवायला बसले तरी सुरी-काटा उजवीकडे ठेवायचा की डावीकडे यावर बोलायचे, आणि जेवायचे मात्र हातानं, भात आणि सारू.

ते रिटायर झाल्यानंतर जर्मनीतल्या इस्पितळांना नर्सेस कमी पडायला लागल्या आणि इथल्या एजन्सी मुली गोळा करायला लागल्या. भाषेचे क्लास गल्लोगल्ली निघाले. सर म्हणायचे, भाषा कुणीही शिकवील, घर कसं मिळवायचं ते कोण शिकवणार? इस्पितळ सुरुवातीला सहा महिने खोली देतं. नंतर तुमचं तुम्ही बघा म्हणतं. आणि तिथं घर मिळणं नोकरी मिळण्यापेक्षा अवघड. म्हणून त्यांच्या क्लासात क्रियापदांपेक्षा घरं जास्त असायची. जर्मनमध्ये ‘श्री’ला ‘हेर’ म्हणतात हे कळल्यापासून आम्ही त्यांना आपसात ‘गुप्तहेर’ म्हणायला लागलो. त्यांना ते कळलं होतं. एकदा हजेरी घेताना त्यांनी स्वतःच ‘गुप्तहेर हजर’ असं म्हटलं आणि पुढं गेले.

त्यांच्या घराला बाहेरून जिना होता. वर एक खोली आणि तिच्यासमोर गच्ची. खोलीत तेव्हा बँकेतला एक मनुष्य भाड्यानं राहायचा, तो दिवसभर बाहेर. गच्ची आमची. तिथं सरांनी खडूनं वीस चौरस मीटरचं घर आखलं होतं. ड्रॉइंगचा हात असल्यामुळे रेघ एकही वाकडी नाही. इथं पलंग, इथं शेगडी, इथं बाथरूम, दार आतल्या बाजूला उघडतं. आम्ही त्या आखलेल्या घरात तिघी-तिघी उभ्या राहायचो आणि जर्मनमध्ये स्वयंपाक करायचो. कोलारची एक मुलगी पाण्याची बाटली घ्यायला सरळ चालत रेघेपलीकडे गेली, तर सर म्हणाले, तू आता शेजाऱ्याच्या भिंतीतून गेलीस. तिनं परत येऊन दारातून जायचं, मग बाटली घ्यायची.

दररोज सकाळी सहाच्या ठोक्याला ते घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडायचे आणि दहा मिनिटांचा गजर लावायचे. जर्मनीत हवा अशी बदलतात म्हणे, नाहीतर भिंतीला बुरशी येते आणि घरमालक तुम्हाला बाहेर काढतो. बसवनगुडीच्या त्या घरात खिडक्या एरवीही उघड्याच असायच्या, त्यामुळे उघडण्यासाठी त्या आधी बंद कराव्या लागत. कचऱ्याचे त्यांचे चार डबे होते. कचरा न्यायला येणारी अक्का ओला आणि सुका असे दोनच मागायची. सर चार द्यायचे, ती त्यांच्या डोळ्यांदेखत ते दोनात ओतायची, आणि सर रोज तिला समजावायचे. हे मी तिथं असेपर्यंत एकदाही चुकलं नाही.

पण सर खरे रंगायचे ते घरमालक होण्यात. आतलं दार लावून घ्यायचे, तपकिरी लोकरी कोट आणि मफलर चढवायचे, आणि आम्ही एकेकीनं बाहेर जाऊन बेल वाजवायची. कधी ते बहिरे म्हातारे असायचे, कधी कुत्रा पाळलेली संशयी बाई, कधी घाईतला तरुण मनुष्य. स्वयंपाकाला वास येतो का, पाहुणे किती येतात, रविवारी धुणं धुता का, असं काय काय विचारायचे. घाम निथळत असायचा पण कोट काढायचे नाहीत. आणि जवळजवळ दरवेळी शेवटी तेच एक वाक्य: जागा आधीच दिली गेली आहे. हे वाक्य ऐकलं की वाद घालायचा नाही, कारण विचारायचं नाही, आभार मानायचे आणि हसून निघायचं. ‘नकार नीट घेता आला पाहिजे,’ असं ते सारखं म्हणायचे. ते तरुण असताना त्यांना अकरा दारांवरून परत पाठवलं होतं. बाराव्या दारातल्या एका विधवा बाईनं माळ्यावरची खोली दिली. तिनं त्यांना कुठून आलास, काय खातोस, काही विचारलं नाही. आत ये, बाहेर थंडी आहे, एवढंच म्हणाली. तिचं बोलणं सांगताना सरांचा आवाज दरवेळी बदलायचा.

नसरीन म्हणायची, पहिल्यांदा सांगितलं तेव्हा दारं नऊ होती.

नसरीन आमच्यातली सगळ्यात हुशार. ती निपाणीची, मी खानापूरजवळची. एकाच इस्पितळात नोकरी, हॉस्टेलवर तीन वर्षं एकच खोली. माझ्या आईकडून आलेला लाडूंचा डबा ती माझ्याआधी उघडायची. ईदला तिच्या घरी मी दोनदा जाऊन राहिले होते. सरांना तिचं मराठी फार आवडायचं. तिच्याकडून आपणच शिकायला पाहिजे, असं ते आत काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हाक मारून सांगायचे. घरमालकाच्या खेळात नकार आला की बाकीच्या आम्ही पाठ केलेले आभार मानून परत यायचो. नसरीन आभार मानायची आणि जाता जाता विचारायची, तुमच्या कुत्र्याचा पाय आता बरा आहे का? कुत्र्याचा पाय सरांनी कधी मोडलाच नव्हता. एकदा तिनं असंच काहीतरी विचारलं आणि संशयी बाई झालेल्या सरांना हसू आवरेना. मफलरमध्ये तोंड लपवून म्हणाले, घे बाई, दिली खोली. पूर्ण वर्षात त्यांनी खोली दिली ती तिला एकटीला.

त्याच उन्हाळ्याच्या शेवटी इस्पितळानं आमचं हॉस्टेल मोडून तिथं नवा विभाग काढायचं ठरवलं. महिन्याभरात खोल्या रिकाम्या करा, अशी नोटीस लागली. एजन्सीनं आमची निवड केली होती, पण भाषेची परीक्षा पास झाल्याशिवाय व्हिसाचं पुढं सरकणार नव्हतं, आणि परीक्षेला सात-आठ महिने होते. तेवढ्यापुरती जागा हवी होती. क्लासला जवळ म्हणून आम्ही बसवनगुडीत आणि आसपास बघायला लागलो.

ड्यूटी संपली की दोघी निघायचो. जिथं ‘टु-लेट’ दिसेल तिथं बेल वाजवायची. इथं कोट-मफलर घातलेलं कुणी नव्हतं. लोक चांगलं बोलायचे, पाणी विचारायचे, नर्स म्हटल्यावर खूश व्हायचे. मग नावं विचारायचे. माझं नाव सांगून झालं की तिच्याकडे बघायचे, आणि तिनं सांगितलं की कुणाचा मुलगा परगावाहून येणार असायचा, कुणाकडे रंगकाम निघायचं. एका बाईंनी मला हात धरून बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाल्या, तू एकटी असशील तर बघू. मी नसरीनला ते सांगितलं नाही. तिनंच बसस्टॉपवर सांगितलं, ‘तू एकटी बघ. दोघींचं जमणार नाही.’ मी म्हटलं, काहीतरीच काय. पण म्हणताना मला त्या बाईंची खोली आठवत होती. हवेशीर होती.

नोटिशीचे दहा-बारा दिवस उरले असताना एका दुपारी क्लासला गेलो, तर सरांच्याच फाटकावर बोर्ड. बँकेतल्या माणसाची बदली झाली होती. बोर्ड सरांनी स्वतः रंगवलेला, ड्रॉइंगमधल्यासारखी सरळ अक्षरं. नसरीन तो बघत उभी राहिली. तासभर तिचं लक्ष नव्हतं. क्लास सुटला, बाकीच्या गेल्या, सर आत वह्या आवरत होते. ती मला म्हणाली, चल. आम्ही बाहेर पायरीवर गेलो, तिनं आपल्यामागं दार ओढून घेतलं आणि बेल वाजवली.

सरांनी दार उघडलं तेव्हा ते आधीच हसत होते. तिनं त्यांनी शिकवलेलं सगळं म्हटलं, एकही चूक न करता. नमस्कार, मी नर्स आहे, कायमची नोकरी आहे, आपला बोर्ड पाहिला. सरांनी आवाज बारीक करून संशयी बाईच्या थाटात विचारलं, किती माणसं? दोन, मी आणि माझी ही मैत्रीण. कधीपासून? एक तारखेपासून. सर खुशीत मान हलवत होते.

मग ती मराठीत म्हणाली, ‘सर, मी खरंच विचारतेय.’

सरांचं हसू लगेच गेलं नाही. ते चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि मागं चेहरा बदलला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मागं घरात पाहिलं. आतून काकूंच्या भांड्यांचा आवाज येत होता. मग ते तेच वाक्य म्हणाले, जर्मनमध्ये. आणि हा खेळ आहे की खरं, अशी कुणाला शंका राहू नये म्हणून असेल, पुन्हा मराठीतही म्हणाले, ‘खोली दिली गेलीय गं. आधीच.’

नसरीननं आभार मानले. कारण विचारलं नाही. फाटकातून बाहेर पडताना ती बोर्डाकडे न बघता गेली. मी बघितलं.

मी तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं. पायरीवर आम्ही दोघी होतो, आणि तिनं दोघींसाठी विचारलं होतं. मागं वळून ‘सर, कुणाला दिली?’ एवढं विचारायला मला काहीच लागलं नसतं. मी तिच्या मागून चालत गेले आणि रस्त्यात परीक्षेच्या फॉर्मबद्दल बोलत राहिले.

ती बोम्मसंद्र्याला तिच्या चुलत्यांकडे गेली. चुलते तिथल्या एका कारखान्यात कामाला होते. एका खोलीत पाच माणसं, ती सहावी. तिथून इस्पितळ दीड तास, क्लास तितकाच लांब. दोन बस बदलाव्या लागायच्या. तिचं सामान मी बसमध्ये चढवून दिलं. तिनं खिडकीतून हात केला आणि म्हणाली, तुझं लवकर बघ आता.

त्याच रविवारी क्लासनंतर सरांनी मला थांबवून घेतलं. टेबलावरच्या गजराच्या घड्याळाला किल्ली देत म्हणाले, वरची खोली रिकामी आहे, तुला हवी असेल तर घे.

‘ती दिली होती ना, सर?’

‘ते लोक आले नाहीत.’

घड्याळाला किल्ली पूर्ण बसली होती तरी ते फिरवायचा प्रयत्न करत होते. एकटीपुरतीच खोली आहे, म्हणाले. काकूंचं सोवळंओवळं, देवधर्म असतो, तुला सगळं माहीत आहे, तू घरच्यासारखी आहेस. मी विचारलं, नसरीन? ते म्हणाले, ती आपल्या नातेवाइकांत गेली ना, बरं झालं तिचं. मला हॉस्टेल सोडायला चार दिवस उरले होते. दुसरी जागा पाहून ठेवली होती तिथं एका खोलीत सहा मुली, आणि गाद्यांना ढेकूण. मी ही सगळी कारणं मनात नीट ओळीनं लावली. मग हो म्हटलं.

सात महिने मी त्या खोलीत राहिले. चांगले महिने होते, हे लिहायला नको वाटतं, पण होते. सकाळी सहाला खालून खिडक्यांचा आवाज यायचा, मग मी माझ्या उघडायची. काकू वर उप्पीट पाठवायच्या. संध्याकाळी सर गच्चीच्या कठड्याशी उभे राहून खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक वस्तूचं लिंग मला विचारायचे. जर्मनमध्ये रिक्षालासुद्धा लिंग असतं.

नसरीनला मी सांगितलं नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू असं करत तीन आठवडे गेले. क्लास संपला की मी तिच्याबरोबर बसस्टॉपपर्यंत जायची आणि ती बसमध्ये चढली की परत यायची. एका रविवारी ती आली ती फाटकातच थांबली. वर दोरीवर माझा पिवळा टॉवेल वाळत होता. तिनंच मला वाढदिवसाला घेऊन दिलेला. तो तिनं बघितला, मग आत आली, माझ्या शेजारी तिच्या नेहमीच्या जागेवर बसली आणि वही उघडली. मी वाट बघत राहिले, ती काही बोलेल म्हणून. पूर्ण तासात ती फक्त सरांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देत होती. त्या दिवशी मी बसस्टॉपवर गेले नाही.

सरांनीही एक गोष्ट सोडली. पायरीवरच्या त्या दुपारनंतर ते पुन्हा कधी घरमालक झाले नाहीत. मुली हट्ट करायच्या, तर म्हणायचे, कोट धुवायला टाकलाय. बाराव्या दारातल्या बाईची गोष्टही थांबली. नवीन मुली आल्या त्यांना ती कधी ऐकायलाच मिळाली नाही.

नसरीनचे तास बुडायला लागले. ड्यूटी, बस, चुलतीचं आजारपण. आली तर डुलक्या घ्यायची. सर तिला ओरडत नव्हते, आणि तेच वाईट दिसत होतं, कारण बाकी सगळ्यांना ओरडायचे. परीक्षेत मी पास झाले, ती ऐकण्याच्या पेपरात राहिली. एजन्सीनं पुढच्या तारखेपर्यंत थांबायला नकार दिला. तिची जागा दुसऱ्या मुलीला गेली. मला तिनं फोन करून अभिनंदन केलं. तीन मिनिटांत फोन संपला. पुढं आमचा संबंध ईद आणि दिवाळीच्या संदेशांपुरता उरला.

जर्मनीत मला घर मिळायला पाच महिने लागले. तिथं एका खोलीसाठी जिन्यावर रांग लागते. हातात कागदांची फाइल घेऊन पंचवीस-तीस माणसं उभी असतात. सरांनी सांगितलेलं सगळं खरं निघालं. आधीच्या भाडेकरूनं स्वयंपाकघर उपटून नेलेली घरं पाहिली, छतातून नुसत्या वायरी लोंबणारी पाहिली. फोनवर माझं नाव ऐकून पलीकडचा आवाज क्षणभर थांबायचा, मग अगदी सौजन्यानं सांगायचा की जागा आधीच दिली गेली आहे. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मी शिकवल्याप्रमाणे आभार मानले आणि फोन ठेवून इस्पितळाच्या बाथरूममध्ये जाऊन बसले. मला स्वतःचं वाईट वाटत नव्हतं, असं म्हणणार नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर बसवनगुडीची पायरी होती, आणि मी तिथं भलत्या बाजूला उभी होते.

शेवटी एका म्हाताऱ्या जोडप्यानं विचार करू म्हटलं. त्यांना आधीच्या घरमालकाचं पत्र हवं होतं. मी सरांना फोन केला. दुसऱ्याच दिवशी ई-मेलनं पत्र आलं, दोन पानी, जुन्या वळणाच्या जर्मनमध्ये. ही मुलगी सात महिने माझ्या वरच्या खोलीत राहिली, तिनं आवाज केला नाही, जिना स्वच्छ ठेवला, रोज सकाळी खिडक्या दहा मिनिटं उघडल्या. म्हाताऱ्या बाईंनी ते दोनदा वाचलं आणि मला किल्ली दिली. अजून मी त्याच घरात राहते.

गेल्या वर्षी सुट्टीवर आले तेव्हा सरांना भेटायला गेले. ते खूप खंगले होते, काठी आली होती. डबे चारचे दोन झाले होते. थोडं इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी एकदम विचारलं, ती कुठं असते? नाव घेतलं नाही. मी म्हटलं, बोम्मसंद्र्यालाच, लग्न झालं, इलेक्ट्रॉनिक सिटीजवळच्या एका इस्पितळात वॉर्डची मुख्य सिस्टर आहे. म्हणाले, मी गेलो होतो एकदा. निकाल लागल्यावर. पुस्तकं घेऊन गेलो, दर रविवारी येऊन शिकवीन म्हणणार होतो. ती ड्यूटीवर होती. चुलतीनं बसा म्हटलं, चहा केला. मी पुस्तकं ठेवून उठलो. परत जायचं धाडस झालं नाही. मग काठीच्या मुठीकडे बघत म्हणाले, तू मला घेऊन जाशील?

आम्ही निघताना काकू मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. हातात चकलीचा डबा दिला, तिच्यासाठी. म्हणाल्या, ‘तेव्हा माझं नाव पुढं केलं ना यांनी? मला विचारलंच नव्हतं गं. मी काय म्हटलं असतं ते मलाही सांगता यायचं नाही. नाहीसुद्धा म्हटलं असतं. पण विचारलं नाही.’

आता मेट्रो बोम्मसंद्र्यापर्यंत जाते. पूर्वीचा दीड तासाचा रस्ता आम्ही अर्ध्या तासात गेलो. सर खिडकीतून बाहेर बघत होते, स्टेशनांची नावं मनात वाचत होते. नसरीननं दार उघडलं तेव्हा ती ड्यूटीवरून नुकतीच आली होती, केस ओले होते. ती जाडसर झाली होती, डोळे तेच. सरांना तिनं हात धरून आत आणलं, पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं. मला ‘ये’ म्हणाली. तिची चार वर्षांची मुलगी सरांच्या काठीला हात लावून बघत होती.

सर चहा येईपर्यंत थांबले नाहीत. म्हणाले, ‘नसरीन, खोली रिकामी होती. मी खोटं बोललो.’

‘माहीत आहे, सर. बोर्ड होता की.’

‘काकूंना विचारलंही नव्हतं. मीच ठरवलं. तू बेल वाजवलीस तेव्हा मला वाटलं होतं मी हो म्हणेन.’ त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. ‘मला त्या बाईनं आत घेतलं होतं. तिला मी काय तोंड दाखवू?’

नसरीननं त्यांना जाऊ द्या म्हटलं नाही, काही हरकत नाही असंही म्हटलं नाही. ती त्यांच्यासमोर खाली बसली आणि नीट ऐकत राहिली, पेशंटचं ऐकावं तसं, मधे न बोलता. त्यांचं बोलून झाल्यावर म्हणाली, चहा गार होतोय. मग त्यांची नाडी बघितली, गोळ्या कोणत्या चालू आहेत ते विचारलं, एक गोळी बदलून घ्या म्हणाली आणि डॉक्टरांना दाखवायला चिठ्ठीवर गोळीचं नाव लिहून दिलं. पुस्तकं अजून आहेत, म्हणाली. मुलीला चित्रं दाखवते त्यातली.

निघताना ती सरांना म्हणाली, परत या, सर. खरंच या. सर बाहेर व्हरांड्यात काठी टेकत लिफ्टकडे गेले. मी सँडलचा पट्टा लावत दारात मागं राहिले होते. काहीतरी म्हणायला पाहिजे म्हणून मी म्हटलं, सरांना बरं वाटलं बघ.

‘सरांचं मला त्याच दिवशी कळलं होतं,’ ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. ‘तसे लोक आपण रोज बघत होतो. तुझं मला अजून कळत नाही. तू वर राहत होतीस आणि खाली माझ्याशेजारी बसून धडे वाचत होतीस. एकदा तरी काही म्हणायचंस.’

‘काय म्हणायला हवं होतं?’

‘काहीही,’ ती म्हणाली. ‘मी वाट बघितली होती.’

लिफ्ट आली होती. सर दार धरून उभे होते. मी गेले.

त्यानंतर तीन महिन्यांनी सर गेले. काकूंनी कळवलं. नसरीन शेवटच्या दिवसांत दोनदा येऊन गेली, असंही सांगितलं. मी तिला संदेश पाठवला, तिचं उत्तर आलं, सरांपुरतं, दोन ओळींचं.

पण त्या संध्याकाळी परतताना मेट्रोत सर खुशीत होते. बसायला जागा मिळाली, त्यांनी काठी दोन गुडघ्यांत धरली आणि डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग डोळे मिटूनच त्यांनी विचारलं, ‘दारात काय म्हणाली ती तुला?’

‘आपल्याला पुन्हा या म्हणाली, सर,’ मी म्हटलं.

‘सरी,’ सर म्हणाले, आणि खरोखरच झोपी गेले.